दुसऱ्या वारसाची सही

कमठाणा, ९ डिसेंबर २०२४

राजपाल अण्णा,

राजश्रीचा जय भीम.

अक्षर ओळखलं असशील. ओळखून पाकीट बाजूला ठेवलं नसशील तर पुढचं वाच. काय पाहिजे ते आधीच सांगते, म्हणजे नऊ वर्षांनी हिला कामून आठवण आली असं तुला वाटायला नको. सोबत एक फॉर्म आहे. कन्नडमध्ये आहे, पण सिकंदराबादला राहून तू कन्नड विसरला नसशील. पेन्सिलनं फुली केलीय तिथं तुझी सही पाहिजे.

जुन्या घरांसाठी सरकारची एक योजना आपल्या पंचायतीत आलीय. घर पाडायचं न्हाई, नवं बांधायचं न्हाई. आहे तेच घर उन्हाळ्यात कमी तापावं आणि वीज कमी लागावी असं करून देतात. पत्र्याला खालून जाड पाट्या ठोकायच्या, वरून ऊन परत फेकणारा पांढरा रंग द्यायचा, समोरासमोर खिडक्या पाडायच्या, जुन्या तारा बदलायच्या. कमी वीज खाणारा पंखा आणि छपरावर सोलर. गावातली चाळीस घरं निवडलीत, त्यात आपलं नाव निघालंय. बहुतेक सगळं सरकार करणार, आपल्याकडं गवंड्याच्या हाताखाली राबायचं आलं.

पण घर अजून अप्पांच्या नावावर आहे. पंचायतीत लिहायला भीमण्णा म्हणून आहेत. ते म्हणाले, "अक्का, गुंडेरावांचे वारस दोन. एकाच्या सहीनं चालत न्हाई. तुमचे अण्णा कुठं असतेत?"

म्हटलं, सिकंदराबादला. रेल्वेतून रिटायर झालेत.

"मग बोलवा की."

मी खाली बघून पिशवी आवरायला लागले. त्यांना काय कळायचं ते कळलं असेल. त्यांनीच कागद काढून दिला. म्हणाले, पोस्टानं पाठवा, तिथं नोटरीचा शिक्का मारून परत आला तरी चालतंय.

फोन करणार होते. पण मागं दोनदा केला तो तू उचलला न्हाईस. आणि आपलं घर तुला ठावं आहे, एक खोली आणि ओसरी, हळू बोललं तरी सगळीकडं ऐकू जातं. म्हणून शाळेच्या स्वयंपाकखोलीत बसून लिहायलेय. पोरं जेवून गेली, भांडी घासून झालीत.

आम्ही मजेत आहोत. तुझी भाची रूपाली उदगीरला दवाखान्यात नर्स आहे. हे घरीच असतात आता. वय झालं, म्हणून काम सोडलं.

छत बदललं त्यावरून तू बोललास ते मी विसरले न्हाई, आणि मी उलट बोलले तेही न्हाई. पण या सहीचा त्या भांडणाशी संबंध लावू नको. कागद पंधरा जानेवारीच्या आत पोचला पाहिजे. वहिनीला जय भीम सांग.

राजश्री

&nbsp;

कमठाणा, २१ जानेवारी २०२५

अण्णा,

तू आलतास.

चौदा तारीख उलटली, पोस्टमन आला न्हाई, तेव्हा मी मनानं सोडून दिलं होतं. पंधराला शाळा सुटल्यावर पंचायतीत गेले ते भीमण्णांना सांगायला, की आमचं नाव काढा आणि दुसऱ्या कुणाला द्या. तर ते हसायलेत. म्हणाले, "अक्का, तुमचे अण्णा परवा येऊन सही करून गेले की. आधार कार्ड, अप्पांचा मृत्यूचा दाखला, सगळं घेऊन आलते. तुम्हाला ठाव न्हाई?"

मी विचारलं, काय म्हणाले?

"काही न्हाई. पाणी दिलं, अर्धं पिले. मी म्हटलं, बहीण शाळेत असंल, घरी तर जाऊन या. तर म्हणाले, गाडी आहे."

घरी आले तर शेजारची जगदेवी म्हणाली, "तुझा भाऊ आल्ता काय गं? हापशापाशी उभा होता. तुमच्या घराकडं बघत होता, मग मागं फिरला."

हापशापासून आपलं दार किती पावलांवर आहे, अण्णा? लहानपणी तू एका दमात घागर आणायचास.

मला राग आला. खरंच आला. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले न्हाई. वाटलं, पत्रा बघून याचं डोकं पुन्हा तापलं असणार. मग तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना मनात आलं, की पोस्टानं आठ आण्याचं काम होतं आणि हा माणूस एवढा प्रवास करून आला. कागद वाटेत हरवू नये म्हणून आला. रागावलेला माणूस एवढं करत न्हाई.

तुझी सही बघितली. अजून 'गुंडेराव' पूर्ण लिहितोस. भीमण्णांनी अर्ज पुढं पाठवला. तुझे उपकार झाले, हे तोंडावर म्हणायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

राजश्री

&nbsp;

कमठाणा, ३ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तुझं उत्तर न्हाई, तरी लिहायलेय. आजचं पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

गेल्या आठवड्यात योजनेच्या इंजिनीअर बाई घर बघायला आल्या. नेत्रावती त्यांचं नाव, कलबुर्गीच्या. तिशीतली पोरगी, पायात साधी चप्पल, हातात टेप आणि उष्णता मोजायचं यंत्र. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'घरात विजेच्या यंत्रावर असलेला रुग्ण'. तो मी रिकामा ठेवला होता. यांनीच ठेवायला लावला होता.

बाई आत आल्या. हे खाटेवर होते, नाकाला नळी, बाजूला ऑक्सिजनचं मशीन.

व्हय अण्णा. तुला लिहिलं वय झालं म्हणून. चौपन्नाव्या वर्षी कुणाचं वय होत नसतं.

बाईंनी विचारलं, "अण्णा, हे मशीन दिवसातून किती तास चालतं?"

हे म्हणाले, "कधीमधी. लागलं तर."

त्या खाली बसल्या. मशीनच्या पाठीमागं किती तास चाललं त्याचा आकडा असतो, तो वाचला, कागदावर भागाकार केला आणि म्हणाल्या, "अठरा तास. हे मशीन खोटं बोलत न्हाई."

हे तोंड फिरवून बसले. "मला कुणाची दया नको, बाई."

"दया कुठली? रकाना हाय. रुग्ण असला तर सोलरला बॅटरी जोडून मिळते. रिकामा ठेवलात तर माझं काम अर्धं राहतं." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं भरला. दाखला आणायला मला बीदरच्या दवाखान्यात पाठवलं, तिथल्या डॉक्टरला फोनही केला.

आता मुळातलं सांगते. हे बावीस वर्षं शहाबादच्या बाजूला फरशी घासायच्या कारखान्यात होते. आमच्या लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात तूच ते काम लावून दिलंस. दगडाची धूळ पिठासारखी उडायची, फडकं बांधून काम करायचे. दोन हजार पंधराला कलबुर्गीला छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय, ती निघत नसते. काम सोडा. आणि निदान घरात तरी धूळ नको.

आणि आपल्या घराला अप्पांचं माळवद. लाकडी सरांवर मातीचं छत. उन्हाळ्यात गार, सगळं खरं. पण रोज सकाळी अंथरुणावर माती पडलेली असायची. दर वर्षी पावसाच्या आधी नवी माती टाकायची तेव्हा तर चार दिवस घरात ढग. हे खोकून खोकून निळे पडायचे. म्हणून मी ते काढलं आणि पत्रे घातले. कंटाळा आला म्हणून न्हाई काढलं.

यांनी मला शपथ घातली होती. म्हणाले, "राजपालला कळू द्यायचं न्हाई. त्यानं माझ्या भल्यासाठी काम बघितलं. त्याला कळलं तर जन्मभर मनाला लावून घेईल." म्हणून अप्पांच्या वर्षाच्या कार्यक्रमाला सगळ्या पाहुण्यांसमोर तू म्हणालास, "बापाचं घर भुंडं केलंस, माती टाकायचा आळस म्हणून," तेव्हा मी म्हणाले, "व्हय, आळस आला. तू कधी आलास टोपलं उचलायला?" हे आत होते. त्यांना ऐकू गेलं. तू न जेवता गेलास. त्या दिवशी हे माझ्या पाया पडायला आले होते, मी पडू दिलं न्हाई.

पत्र्यानं धूळ थांबली, पण भट्टी झाली. खोली फार तापली की मशीनच ओरडून बंद पडतं. गेल्या मे महिन्यात दुपारी वीज गेली, आत बसवत नव्हतं. मी आणि जगदेवीनं सुपानं वारा घातला. मग रिक्षात घालून बीदरला नेलं. मैलूर येईपर्यंत यांनी माझा हात धरला होता, पुढं हात सुटला. दवाखान्याच्या दारात पुन्हा शुद्धीवर आले.

शपथ मी आज मोडली. कारण तू हापशापासून मागं फिरलास, आणि तू पत्र्यावर रागावून गेलास असं धरून मला उरलेली वर्षं काढायची न्हाईत. तुझ्यावर ठपका ठेवायला हे लिहिलं न्हाई. यांच्या मनातही तसं कधी न्हाई. तेवढं मात्र पक्कं समज.

राजश्री

&nbsp;

कमठाणा, १८ मार्च २०२५

अण्णा,

तुझं कार्ड मिळालं. शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. "पत्र चार वेळा वाचलं. फाडलं न्हाई. मला कळलंय हे दाजींना सांगू नको. काम सुरू झालं की कळव." एवढंच. तुझं नेहमीचं असंच. पण 'दाजी' हा शब्द मी कितीतरी वेळ बघत बसले.

काम झालं! अकरा दिवस चाललं. आधी घरात धूळ होणार म्हणून मला धास्ती होती. नेत्रावती बाईंनी त्याचाही विचार केलेला. म्हणाल्या, भिंत फोडायचे चार दिवस यजमानांना दुसरीकडं ठेवा. जगदेवीनं आपली पुढची खोली मोकळी केली, तार ओढून मशीन तिथं नेलं. तिची सून रोज यांना ज्वारीची आंबील करून द्यायची.

पत्र्याखाली वीतभर जागा सोडून पांढऱ्या पाट्या बसवल्या. मागच्या भिंतीत, अप्पांचा कंदील टांगायचा तिथं, खिडकी पाडली, तिला बारीक जाळी. पत्रा वरून इतका पांढरा झालाय की जगदेवीच्या कोंबड्या त्याच्यावर चढायच्या थांबल्या. भिंतीतल्या तारा काढल्या तेव्हा वायरमन म्हणाला, "अक्का, ह्या जळून कोळसा झाल्यात. कसं काय वाचलात?" मशीन लावलं की दिवे कामून मंद होतात ते तेव्हा कळलं.

सगळं सुरळीत झालं असं न्हाई. सोलरच्या पाट्या पंधरा दिवस उशिरा आल्या. एका कोपऱ्यात खिळा चुकून पत्र्याला भोक पडलं, बाईंनी गवंड्याला परत बोलावून बुजवून घेतलं आणि वर घागरभर पाणी ओतून बघितलं.

जगदेवीचं घर मात्र योजनेत बसलं न्हाई. तिच्या सासऱ्याचे पाच वारस, दोघं मुंबईकडं, एकाचा पत्ताच न्हाई. तरी ती आमच्याच घरात पाटी धरायला उभी राहिली. मला माझ्या नशिबाची लाज वाटली.

राजश्री

&nbsp;

कमठाणा, २८ एप्रिल २०२५

अण्णा,

शाळेला सुट्टी, म्हणून जगदेवीच्या ओट्यावर बसून लिहायलेय.

गुरुवारी दुपारी वळवाचं वारं सुटलं. गावाबाहेर विजेचे तीन खांब आडवे झाले. मी तेव्हा किराणा आणायला गेले होते. दुकानातला पंखा थांबला आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. गूळ, तेल तसंच टाकून पळत सुटले. मागचा मे डोळ्यांपुढं. रिक्षावाल्याला वाटेतूनच ओरडून सांगितलं, गाडी काढ.

दारात आले. मशीनचा आवाज येत होता. तोच, घूं घूं, रोजचा. हे भिंतीला टेकून पेपर वाचायलेत. मला धापा टाकताना बघून म्हणाले, "काय झालं? कुत्रं मागं लागलं काय?"

मी म्हटलं, वीज गेलीय.

"गेली? कधी?"

यांना कळलंच नव्हतं, अण्णा. बॅटरीवर पंखाही चालू होता. मी उंबऱ्यावरच बसले. रडायला आलं आणि हसायलाही. रिक्षावाला दारात येऊन हॉर्न वाजवायला लागला, त्याला चहा पाजून परत पाठवला.

वीज रात्री आठला आली. तोवर मशीन एकदाही थांबलं न्हाई.

नेत्रावती बाईंनी एक उष्णता मोजायचं यंत्र बाहेर आणि एक आत टांगून ठेवलंय, रोज दुपारी दोनला लिहून ठेवायचं. काल बाहेर बेचाळीस, आत पस्तीस. गेल्या वर्षी बाहेरच्यापेक्षा आत जास्त असायचं. मी बाईंना फोन करून गुरुवारचं सगळं सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "अक्का, हे जसं बोललात तसंच लिहून द्या. पुढच्या गावाला दाखवायला उपयोगी पडंल." मी सातवी शिकलेली बाई, सरकारला काय लिहिणार? पण लिहिलं. दोन पानं झाली. शेवटी आभार मानले तेव्हा बाईंचं, भीमण्णांचं नाव घातलं. तुझंही घातलं. भीमण्णांनी विचारलं, यांचा काय संबंध? म्हटलं, ते दुसरे वारस.

तू मे महिन्यात येतो लिहिलंस. ये. यावेळी पावलं मोजू नको.

राजश्री

&nbsp;

कमठाणा, १६ जून २०२५

अण्णा,

तू पोचल्याचा वहिनीचा फोन तेव्हाच आला होता. तू आठ दिवस राहिलास, त्यातलं सगळं तुला ठावं आहेच. एक ठावं न्हाई, ते सांगते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाण्याला गेले असं तुम्हा दोघांना वाटलं. हापशावर गर्दी होती, मी परत आले आणि ओसरीवर घागर ठेवतच होते, तर यांचा आवाज आला.

"राजपाल, तुला कळलंय न्हवं?"

तू म्हणालास, "काय?"

"ढोंग नको करू. आल्यापासून माझ्याकडं बघताना तुझी मान खाली हाय. राजश्रीनं सांगितलं?"

"न्हाई. जानेवारीत आलतो. हापशापासून बघितलं, तुम्ही दारात बसला होतात, नाकात नळी. फरशीच्या कारखान्यातली माणसं मी सिकंदराबादच्या दवाखान्यात बघितलीत. हापशापाशीच समजलं. पाय पुढं येईनात, दाजी. कुठल्या तोंडानं येऊ? ते काम मी लावलं."

हे ऐकून मला किती हलकं वाटलं सांगू? माझ्यासाठी खोटं बोललास. पण नळी बघितली हे खरं होतं, ते तू मला पत्रात कधी लिहिलं न्हाईस. मी तिकडं राग समजून बसले होते.

खाट करकरली, हे उठून बसले असावेत. मग म्हणाले, "तू काम लावलंस. त्याच्या आधी मी काय होतो? दुसऱ्याच्या रानात सालगडी. त्या कामावर रूपाली नर्स झाली. दगड घासताना पाणी सोडलं तर धूळ उडत नसती, ते मालकानं सोडायला पाहिजे होतं. तू काय नळ बंद केलास?" आणि थोडं थांबून, दम घेऊन, "लपवलं ते तू रडू नये म्हणून. आणि तू तर रडायलास."

मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होते. नंतर मुद्दाम घागर आपटली आणि आत आले, तर तू खिडकीची जाळी तपासायलास. जाळीला काय झालं होतं, अण्णा?

दुसरं ऐक, यांना सगळं आधीपासून ठावं होतं. काल हसत म्हणाले, "शाळेतून येताना तुझ्या बोटांना शाई असायची. पोरांना खिचडी शाईनं वाढतेस काय?" फेब्रुवारीपासून ठावं. शपथ मोडली म्हणून रागावले का विचारलं. म्हणाले, "मी घातलीच चुकीची होती. नऊ वर्षं तुझा भाऊ खाल्ला मी." मी म्हटलं, असं बोलायचं न्हाई. तो परत आलाय, आठ दिवस जेवलाय, माझ्या भाकरीला नावं ठेवून गेलाय.

तू गेल्यापासून बसवकल्याणकडच्या कोहिनूर गावची बारा माणसं आपलं घर बघायला आली होती. नेत्रावती बाईंनी आणली. एक म्हातारे गृहस्थ पाटीला हात लावून विचारायलेत, यानं खरंच फरक पडतो? बाई बोलणार, तेवढ्यात हे खाटेवरून म्हणाले, "मला बघा की." मग ते गृहस्थ खाटेवर यांच्याजवळ जाऊन बसले, बराच वेळ.

आणि जगदेवीचं काम मी हातात घेतलंय. तिच्या पाचपैकी चार वारसांचे पत्ते मिळाले. तिला लिहिता येत न्हाई, म्हणून तिच्या वतीनं पत्रं मी लिहायलेय. भीमण्णा म्हणाले, दुसऱ्या यादीत बसवू. मुंबईच्या एकाचा सहीसकट कागद परवाच आला.

गेल्या सोमवारी बीदरला डॉक्टरनी यांचा पुन्हा फोटो काढला. आम्ही दोघं समोर बसलो होतो. म्हणाले, फुप्फुसं जशी आहेत तशी आहेत, ती सुधारायची न्हाईत. यांनीच विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, "ते सांगता येत न्हाई. पण मागच्या उन्हाळ्यात विचारलं असतं, तर हा उन्हाळा मी धरला नसता."

परत येताना यांनी खिडकीची जागा धरली. मैलूरपाशी बस थांबली तेव्हा म्हणाले, "म्हणजे हा जास्तीचा मिळाला." बस. मग खिडकीबाहेर बघत घरापर्यंत आले.

कोण कुठली कलबुर्गीची पोरगी, कोण भीमण्णा, कुणी कुठल्या कचेरीत बसून हा फॉर्म छापला असेल, त्याला आपली नावंही ठावं न्हाईत. त्या सगळ्यांनी मिळून हा उन्हाळा यांना दिला. आणि तू दिलास. हे लिहिताना मला कसलाही संकोच वाटत न्हाई.

आता हे खाटेवरून विचारायलेत, एवढं काय लिहायलीस? घरातच बसून लिहायलेय, खाटेसमोर. म्हणतात, वाचून दाखव. सगळं वाचून दाखवते आणि मगच पाकीट चिकटवते.

तुझी बहीण
राजश्री